मदत हवी आहे : बेने इस्राएली गाण्यांच्या बुरशी लागलेल्या कॅसेटी

अलिबाग परिसरातील एका बेने इस्राएल (कोकणातील मराठी भाषक ज्यू समाज) कुटुंबाकडे घरगुती ध्वनिमुद्रणाच्या अकरा कॅसेटी आहेत. त्यांत मलिद्याच्या, म्हणजे आभारप्रदर्शनाच्या धार्मिक विधीच्या वेळी एलियाहू हन्नाबी (प्रेषित एलिया) याच्या स्मरणार्थ म्हटलेली गाणी, कोकण किनाऱ्यावरील नवगावजवळ फुटलेल्या गलबतातून वाचलेल्या, या समाजाचे पूर्वज मानल्या जाणाऱ्या सात जोडप्यांची पूर्वापार चालत आलेली कथा आणि काही मराठी कीर्तने आहेत. या समाजाने १८८० च्या सुमारास मराठी कीर्तनाचा प्रकार स्वीकारून त्यात बायबलमधील आख्याने लावली. त्या परंपरेतील चाली आज जाणणारे फार थोडे उरले आहेत. गाण्यांचे शब्द घरातील स्त्रियांनी वह्यांत उतरवून ठेवले आहेत व त्या वह्यांची छायाचित्रे मी काढली आहेत. चाली मात्र केवळ या फितींवरच आहेत, म्हणून माझी सारी काळजी त्यांच्यासाठी आहे.

कोकणातील दमट हवेमुळे सहा कॅसेटींच्या फितीवर पांढरी बुरशी दिसते. एका कॅसेटीची फीत नव्या कवचात घालून पाहिली. परंतु ती घासून कर्कश आवाज येऊ लागल्याने तत्काळ थांबवली. उरलेल्या पाच चांगल्या स्थितीत असून त्यांचे संगणकावर ध्वनिमुद्रण झाले आहे. कुटुंबाची अट एवढीच, की कॅसेटी महाराष्ट्राबाहेर जाऊ नयेत. खर्च करण्याची तयारी आहे.

फितीवरील बुरशी सुरक्षितपणे काढून देणारे अनुभवी तंत्रज्ञ मुंबईत वा पुण्यात कोणाच्या माहितीत आहेत का, आणि तोवर पावसाळ्यात या कॅसेटी नेमक्या कशा ठेवाव्यात?