लिबियातील अरब मुलांना फॅसिस्ट गणवेश: बरोबरीचा हक्क की ताबेदारीचे शिक्षण?

धागालेखक:
इटालो बाल्बो हा फॅसिस्ट नेता इटलीची वसाहत असलेल्या लिबियाचा गव्हर्नर असताना, १९३५ साली, तेथील मुस्लिम मुलांसाठी ‘जोवेन्तू आराबा देल लित्तोरिओ’ ही फॅसिस्ट संघटना निघाली. इटालियन मुलांची ‘बालिल्ला’ १९२६ पासून होतीच. अरब मुलांना तिच्यात न घेता त्यांच्यासाठी निराळी संघटना काढली, यातच तिचा हेतू उघड होतो, असे माझे ठाम मत आहे. कवायत आणि मुसोलिनीचा जयजयकार शिकून मोठ्या झालेल्या या मुलांना फॅसिस्ट पक्षाचे सभासदत्व मिळणार नव्हते, आणि लिबियातील मुस्लिमांसाठी १९३९ साली आणलेल्या ‘विशेष नागरिकत्वा’नंतरही इटालियन माणसावर हुकूम चालवता येईल असे कोणतेही पद त्यांना वर्ज्यच राहिले.

पहिला प्रतिसाद:
हेतूबद्दल वाद नाही, पण निष्कर्ष एकांगी वाटतो. झेंड्याला सलामी, शिस्त आणि राजनिष्ठेची शपथ ब्रिटिश वसाहतींतील बालवीर पथकांतही होती. त्यांना आपण सेवाभावी म्हणायचे आणि इटलीला तेवढे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे, हा न्याय नव्हे. शिवाय मुलाला तेथे पाठवणाऱ्या बापाने स्वतःचा काही विचार केलाच नसेल, असे धरून चालणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

धागालेखक:
त्या बापाच्या विचाराबद्दलच बोलू. १९३० साली सायरेनायकातील, म्हणजे पूर्व लिबियातील, सुमारे १ लाख माणसांना गुराढोरांसकट हाकलत काटेरी तारांच्या छावण्यांत कोंडले गेले आणि त्यांतील हजारो उपासमारीने व रोगराईने मेली. १६ सप्टेंबर १९३१ रोजी सुलूक येथे इटलीविरुद्धच्या लढ्याचे नेते उमर मुख्तार यांना फाशी दिले, तेही छावणीतील लोकांना समोर उभे करून. त्या दिवशी सहा वर्षांचा असलेला मुलगा संघटना निघाली तेव्हा दहा वर्षांचा होता. अशा घरातून आलेल्या होकाराला मी निवड म्हणू शकत नाही, आणि म्हणूनच बालवीरांशी केलेली तुलना मला पटत नाही.

पहिला प्रतिसाद:
छावण्यांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, पण त्याने माझी तुलना मोडत नाही, उलट बळकट होते. ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या माऊ माऊ उठावात पकडलेल्या केनियातील मुलांसाठी ब्रिटिशांनी १९५५ साली वामुमू येथे शिबिर उघडले, आणि तेथेही तारांमागून आणलेल्या मुलांना बालवीरांच्याच धर्तीची शिस्त लावली. बापाचा होकार दहशतीतून आलेला असेल तर तो दोन्हीकडे तसाच आला होता. मग दोष फॅसिस्ट विचाराचा किती आणि वसाहतीचा किती, हे तुम्ही अजून सांगितलेले नाही.