मदत हवी आहे: पाच रेड वाईन, आठ जण आणि लातूरचा उकाडा

मंडळी, नाशिक-दिंडोरी करून अकलूजमार्गे परत येताना पाच रेड बाटल्या जमल्या: दोन शिराझ, एक झिन्फँडेल, एक कॅबर्ने (ही तिन्ही द्राक्षांच्या जातींची नावं) आणि अकलूजच्या फ्रातेल्ली वायनरीची सेट्टे ही मिश्र द्राक्षांची रेड. शनिवारी गच्चीवर आठ जण बसणार. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाचच ग्लास होतात, म्हणून प्रत्येकाला थोडी थोडी चाखवायचीय. हलकी झिन्फँडेल आधी, सेट्टे शेवटी, चालेल ना?

खरी पंचाईत उकाड्याची. रेड १६-१८ अंशाला प्यावी म्हणतात, आमची गच्ची रात्री नऊलाही तापलेली असते. किती वेळ फ्रिजमध्ये ठेवू? शिवाय डिकीत तापून एका शिराझचं बूच थोडं वर आलंय. ती बाद समजायची का?

सोबत काळ्या मसाल्याचं मटण आहे. (एकजण सोडा घालायचा म्हणतोय, त्याला मी बघतो.)