'मत देणं म्हणजे...' : अराजक, अराज्य आणि मतदान

नौपाडा, ठाणे

आमच्या वाचनगटासाठी एलिझे रेक्ल्यूचं एक पत्र मराठीत आणते आहे. रेक्ल्यू म्हणजे फ्रेंच भूगोलतज्ज्ञ आणि पक्का अनार्किस्ट, म्हणजे वर राज्यसत्ताच नको म्हणणारा. पत्र १८८५ चं, निवडणुकीच्या दिवसांतलं, आणि विषय एकच : मी मत का देत नाही. पत्र छोटंसंच आहे, पण दोन ठिकाणी अडले आहे.

पहिली अडचण त्याच्या विचाराच्या, म्हणजे अनार्किझमच्या, मराठी नावाची. सरसकट 'अराजकतावाद' लिहितात. पण मराठीत अराजक नुसतं असत नाही, ते माजतं. तण माजतं, बोकड माजतो, तसं अराजक माजतं. त्या क्रियापदाने शब्दाचा निकाल आधीच लावून टाकला आहे. मूळ ग्रीक शब्दात फक्त 'शासक नसणं' एवढंच आहे. फ्रान्समध्येही ती आधी शिवीच होती. १८४० मध्ये प्रूदाँ या फ्रेंच विचारवंताने ती स्वतःहून अंगावर घेतली.

आपल्या जुन्या वाङ्मयात दोन्ही बाजू सापडतात. अयोध्याकांडात दशरथ गेल्यावर 'नाराजके जनपदे' असं श्लोकामागून श्लोकात येतं : राजा नसलेल्या देशात पाऊस पडत नाही, पेरणी होत नाही, मुलगा बापाचं ऐकत नाही. शांतिपर्वातला भीष्म मात्र एका जुन्या काळाविषयी सांगतो, 'नैव राज्यं न राजासीन्न च दण्डो न दाण्डिकः'. राज्य नव्हतं, राजा नव्हता, दंड नव्हता, दंड देणाराही नव्हता, आणि लोक धर्मानेच एकमेकांना राखत होते. मला हवा आहे तो हा दुसरा अर्थ. म्हणून राज्यशास्त्राच्या पुस्तकांतला 'अराज्यवाद' घ्यावा असं वाटतं. तो कोरडा आहे, पण माजत तरी नाही.

दुसरी अडचण पत्राच्या गाभ्यातल्या वाक्याची : 'व्होते, से आब्दिके'. आब्दिके म्हणजे राजाने गादी सोडणं. मी 'मत देणं म्हणजे हक्क सोडणं' असं केलं आहे. अर्थ बरोबर आहे, पण वाक्यात जीव नाही. सुचवा.

चरई, ठाणे

तुम्ही मतदान शब्दाच्या पोटात शिरला नाहीत. मत म्हणजे मनाने ठरवलेलं, 'मन्' धातूपासून. आणि दान म्हणजे आपलं स्वत्व संपवून दुसऱ्याचं निर्माण करणं. ही धर्मशास्त्रातली व्याख्या. रेक्ल्यू जे ओरडून सांगतो ते आपल्या रोजच्या शब्दात आहेच.

मी तीस वर्षं कोर्टाजवळ दस्त लिहिले. बक्षीसपत्र, म्हणजे दानाचा दस्त, नोंदवून झालं की मनात आलं म्हणून ते परत घेता येत नाही. मुखत्यारपत्र सहसा रद्द करता येतं. मुखत्यारपत्रातही दोन जाती. कुलमुखत्यार तुमच्या वतीने सगळंच करू शकतो. विशेष मुखत्यार ठरावीक एकच काम करतो, समजा अमुक सर्व्हे नंबरच्या खरेदीखतावर सही. त्यापलीकडे त्याला अधिकार नाही. अनार्किस्ट लोक सभेने नेमून दिलेला, निरोपापुरता बोलणारा आणि केव्हाही मागे बोलावता येणारा माणूस मागतात असं वाचलं आहे. आपण त्यालाही प्रतिनिधी म्हणतो आणि आमदारालाही. घोळ तिथे होतो. एक विशेष मुखत्यार, दुसरा कुलमुखत्यार.

घणसोली, नवी मुंबई

ताई, राज्याशिवाय कारभार कसा चालतो ते आम्हा गाववाल्यांना विचारा. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० ची, महापालिका १९९२ ची. गावकी त्याच्या कितीतरी आधीची. जत्रा, पालखी, देवळाचा हिशोब, दोन घरांतलं भांडण, सगळं गावकीत बसून ठरायचं, आणि अजूनही बरंच ठरतं. मतपेटी नाही, बटण नाही. दोनचार मोठी माणसं बोलतात, मग एकजण विचारतो, 'चालंल ना?' आणि कोणी काही बोललं नाही की ठरलं. त्याला एकमत म्हणतात.

माझी आई त्या बैठकीत कधी बसली नाही. ओटीवरून ऐकायची. तिचं न बोलणंही त्या एकमतात धरलेलं असायचं. आणि जो आडवा जाई त्याला काही ठिकाणी वाळीत टाकत. त्याविरुद्ध राज्याला २०१६ चा कायदा करावा लागला.

म्हणून भाषांतर करताना एकमत, बिनविरोध आणि सर्वसंमती यांची सरमिसळ करू नका. बिनविरोध म्हणजे समोर कोणी उभं राहिलं नाही. एकमत म्हणजे कोणी बोललं नाही, असंही असू शकतं. सर्वसंमती हा विनोबांच्या सर्वोदयवाल्यांचा शब्द. त्यात प्रत्येकाने तोंड उघडून हो म्हणायचं असतं. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाची घोषणा माहीत असेलच, 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार'. तिथल्या ग्रामसभेत बायाही बसतात आणि सगळ्यांना पटेपर्यंत निर्णय होत नाही. आमच्या गावकीत आणि त्यांच्या ग्रामसभेत फरक आहे तो एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

वाशी, नवी मुंबई

दान ही व्युत्पत्ती पटते, तरी मला ती टोचते. माझी आजी मतदान म्हणायची नाही. 'आज आपलं मत आहे' म्हणायची. ज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, त्यांच्या हातात बरोबरीची म्हणावी अशी ती पहिली वस्तू होती. ती त्यांनी कोणाला दान केली नाही. बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे मताधिकार मागितला तो याच जाणिवेने. तेव्हा पत्राला टीप लिहाल तर मतदान आणि मताधिकार हे शब्द वेगळे ठेवा.

अराजक शब्दाला मराठीत आणखी एक वजन आहे. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी घटनात्मक मार्ग खुले असताना सत्याग्रह, असहकार यांना अराजकाचं व्याकरण म्हटलं. वाचकाच्या कानात ते असणारच. त्यामुळे अराज्यवाद बरा, याला माझा दुजोरा.

मत न देण्याचे तीन प्रकारही वेगळे करा. गाव रस्त्यासाठी बहिष्कार घालतं ते सरकारकडे काही मागण्यासाठी. 'नोटा', म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय, २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आला, पण त्यासाठी रांगेत उभं राहून बटण दाबावंच लागतं. रेक्ल्यूची गैरहजेरी यातली कुठलीच नाही. त्याला सरकारकडे काही मागायचंच नव्हतं. ही गैरहजेरी त्याच्या पंथालाही नेहमी पेलली नाही. स्पेनच्या अनार्किस्ट कामगारांच्या संघटनेने फेब्रुवारी १९३६ मध्ये तुरुंगातल्या सोबत्यांच्या सुटकेच्या आशेने मतदानाला फारसा विरोध केला नाही, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांचे चार जण मंत्री झाले.

आणि कृपा करून 'निवडून आलेलं कोणी नाही' याला अराज्य म्हणू नका. नव्या मुंबईत २०२० पासून जवळपास सहा वर्षं नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. त्या काळात राज्य काही कमी झालं नव्हतं. फक्त जाब कोणाला विचारायचा तो माणूस नाहीसा झाला होता.

नौपाडा, ठाणे

सगळ्यांची मनापासून ऋणी आहे. प्रशासकाचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता, तो टिपेत घेते. मताधिकार वेगळा ठेवते. काकांचे दोन मुखत्यार तर जसेच्या तसे उचलते आहे.

अडलेलं वाक्य काल रात्री सुटलं. जानेवारीत सासूबाईंना महापालिकेच्या मताला घेऊन गेले होते. चार नगरसेवकांचा प्रभाग, म्हणून अ, ब, क, ड अशी चार मतं. परत येताना रिक्षात त्या म्हणाल्या, 'चौघांतला आपला कोण गं? नळाला पाणी नाही आलं तर कोणाच्या दारात जायचं?' मला उत्तर देता आलं नाही. रिक्षा सिग्नलला थांबली होती आणि समोर फलक होता, 'मतदार राजा, जागा हो'. काल पत्र घेऊन बसले तेव्हा तो फलक आठवला. गादी सोडणारा राजा मी फ्रेंचमध्ये शोधत होते, आणि मराठीने मतदाराला केव्हाच राजा करून ठेवलेलं आहे.

तर : 'मत देणं म्हणजे पायउतार होणं.'

एक जागा उरली. शेवटी तो म्हणतो, तुमच्या हिताचं रक्षण दुसऱ्यांवर सोपवू नका, स्वतः करा. 'सोपवणं' मला मवाळ वाटतं. काका, तुमच्या दस्तांत 'हवाली करणं' असायचं, ते इथे चालेल का?