एकाच खोऱ्यात वर तांबडी, मधे तपकिरी आणि खाचरात निळसर माती. मग आमची माती नक्की कुठली?

आंदरमावळकर
नमस्कार मंडळी. आमची पुणे जिल्ह्यातल्या आंदर मावळात वडिलोपार्जित जमीन आहे, तीन एकराच्या आसपास, पण सलग सपाट नाही, डोंगराच्या पायथ्यापासून ओढ्यापर्यंत उतरत जाते. वरचा तुकडा वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन, आजी होती तोवर तिथे नाचणी-वरई व्हायची, आता नुसतं गवत. मधे माळ. खाली ओढ्याला लागून भाताची खाचरं, तिथे इंद्रायणी लावतो. मधल्या माळावर आंबा लावायचा विचार आहे म्हणून माती तपासून घेतली, आणि तिथेच घोळ झाला, मी तिन्ही ठिकाणची माती एकाच घमेल्यात कालवून त्यातली अर्धा किलो दिली. रिपोर्टात आलं "मध्यम काळी", सामू (pH) ६.३. पण वरच्या तुकड्यात काळी माती औषधालासुद्धा नाही, सगळी तांबूस मुरमाड. खाचरात फावडं मारलं की वीतभर खाली निळसर राखाडी चिकण लागते, कुजल्यासारखा वास येतो. मोबाईलवर मातीचा नकाशा बघितला तर आख्खा परिसर एकाच रंगात. ओळखीचे एक जण म्हणाले वर तांबडी आहे म्हणजे जांभा, काजू लावा. डोकं चालेना झालंय. डोंगरखोऱ्यातल्या अशा मातीला म्हणतात तरी काय आणि आंब्याचं काय करू?

मृदाताई
नमस्कार दादा. तुमचा प्रश्न फार आवडला, कारण तुमच्या तीन एकरात जे दिसतंय ते शिकवायला आम्ही विद्यार्थ्यांना मुद्दाम डोंगरात घेऊन जातो. तुमच्याकडे एक माती नाहीये, मातीची साखळी आहे. १९३० च्या दशकात जेफ्री मिल्न नावाचा शास्त्रज्ञ पूर्व आफ्रिकेत मातीचे नकाशे करत होता, त्याच्या लक्षात आलं की टेकडीच्या माथ्यापासून दरीच्या तळापर्यंत त्याच त्याच क्रमाने माती बदलते, आणि त्याने त्याला 'कॅटेना' म्हटलं, लॅटिनमधे त्याचा अर्थ साखळीच.

तुमच्याकडे वर-खाली खडक एकच, आपला काळा बेसाल्ट. फरक पडतो तो पाण्याने. वरच्या उतारावर पाणी थांबत नाही, माती तयार होते तेवढी धुपून खाली जाते, म्हणून तिथे वीत-दीड वीत माती आणि लगेच मुरूम. वर्गीकरणात अशा उथळ, थर न पडलेल्या मातीला एन्टिसॉल म्हणतात. मधे उतार जरा मंदावतो, माती टिकते, रंग आणि कणरचना बदललेला एक थर खाली तयार व्हायला लागलेला असतो, ती इन्सेप्टिसॉल. तळाशी वरून आलेला बारीक गाळ साठतो, आणि वरून झिरपून आलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिकाही तिथेच थांबतात, त्यातून फुगणारी चिकणमाती बनते. जिथे ती भरपूर आणि खोल आहे, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात आणि खालच्या थरात घासून गुळगुळीत झालेले चकचकीत पृष्ठ दिसतात, तिला व्हर्टिसॉल म्हणायचं, म्हणजे आपली खरी काळी. तुमच्या खाचरांना तो मान मिळेल असं मला वाटत नाही, रंग गडद असला म्हणून माती व्हर्टिसॉल होत नाही.

आणि तांबडी म्हणजे जांभा हे तर डोक्यातून काढूनच टाका. लोह गंजून मातीला रंग चढला की ती तांबडी, एवढंच. जांभा म्हणजे लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहून दगडासारखा घट्ट झालेला थर, पाचगणीच्या टेबललँडवर दिसतो तो. तुम्ही सांगताय तो तुमचा मुरूम म्हणजे नुसता कुजलेला बेसाल्ट असणार.

नकाशाचं म्हणाल तर राज्याचा मृदा नकाशा १:२,५०,००० प्रमाणाचा आहे, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अडीच किलोमीटर. त्यात तुमचे तीन तुकडे दिसणारच नाहीत.

खाचरवाला
ताईंनी नावं सांगितली ती बरोबरच असतील, मी मुळशीकडचा, चाळीस वर्षं भात करतोय, मला नावं येत नाहीत पण माती हातात घेतली की कळते. आमच्याकडे म्हातारी माणसं वरकस, माळ आणि खाचर अशी तीनच नावं घ्यायची आणि प्रत्येकाचं पीक ठरलेलं, वरकसात नाचणी वरई, तेही दोन-चार वर्षं करून रान पडीक सोडायचं, कारण माती दमते. खाचरात भात आणि पाणी असलं तर मागून वाल नाहीतर हरभरा. यात कुणी काही शिकवलं नव्हतं, मातीनेच शिकवलं.

तुमच्या खाचरातली निळी माती बघून घाबरू नका. आपण वर्षानुवर्षं चिखलणी करतो, म्हणजे खाचरात पाणी धरून मातीचा चिखल करतो, त्याने वीतभर खाली एक घट्ट थर बसतो, पाणी खाली जात नाही, म्हणून तर भात उभा राहतो. पाणी साचलं की माती निळी पडते. पण एक बघा, त्या घट्ट थराच्या खाली अजून खणा. खाली परत तपकिरी माती लागली तर समजायचं हे चिखलणीचं पाणी आहे, वरच्या वर. आणि खालीही निळीच राहिली, खड्डा पाण्याने भरायला लागला, तर ते जमिनीतलं पाणी, तिथे झाडाचं नाव काढू नका. पोरं वरून माती काळीभोर दिसते म्हणून कडेला आंबा लावतात आणि तिसऱ्या पावसाळ्यात पानं पिवळी पडतात मग खताला दोष देतात, जीव तुटतो बघून.

मृदाताई
काका, तुम्ही जे सांगितलं ते अगदी तंतोतंत बरोबर आहे. मातीतल्या पोकळ्यांत पाणी भरलं की हवा संपते, मग सूक्ष्मजीव श्वासासाठी प्राणवायूच्या जागी लोह वापरतात, तांबडं लोह बदलून विरघळणारं होतं आणि माती निळसर राखाडी दिसायला लागते. याला ग्ले म्हणतात. भाताच्या मुळांतून थोडी हवा खाली जाते म्हणून मुळाच्या वाटेने पुन्हा गंज चढतो, राखाडी मातीत नारिंगी-तांबडे ठिपके आणि रेघा दिसतात. दादा, तुम्ही खड्ड्यात हे ठिपके कुठल्या खोलीवर सुरू होतात ते पट्टी लावून मोजा. पाणी वर्षातून काही काळ कुठपर्यंत चढतं याची खूण त्या ठिपक्यांत राहते, उन्हाळ्यात खड्डा कोरडा असला तरी.

अजून एक, इतका पाऊस पडूनही सह्याद्रीतली तांबडी माती केरळातल्या काही तांबड्या मातींइतकी निकस होत नाही. आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइटचे पांढरे स्फटिक असतात, ट्रेकला गेलेल्यांनी बघितले असतील, ते झिजताना कॅल्शियम सोडत राहतात. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातल्या तांबड्या आणि काळ्या माती शेजारी-शेजारी कशा टिकल्यात त्याचं हे कारण दाखवलंय, आणि मला अजूनही वाटतं की खडकाने पावसाशी केलेली ही झुंज लोकांना माहीतच नाही.

नमुना पुन्हा घ्या, प्रत्येक तुकड्याचा वेगळा. आंब्यासाठी ३०, ६० आणि ९० सेंटिमीटर असे तीन थर वेगळे द्या. बांधाजवळून, झाडाखालून, शेणखताच्या ढिगाजवळून घेऊ नका. तुमचा ६.३ सामू तीन वेगळ्या मातींची सरासरी आहे, त्यावरून खताचं काहीच ठरवता येणार नाही.

भूमीपुत्र_पुणे
मधे थोडं बोलतो. आंदर मावळ म्हणजे पाऊस जागेजागी बदलतो, लोणावळ्याला चार हजार मिलिमीटरच्या पुढे आणि पुण्यात सातशेच्या घरात, आणि अंतर साठ-पासष्ट किलोमीटर. म्हणून सोलापूर-नगरकडच्या काळ्या मातीचा सल्ला इथे चालत नाही, तिकडे मातीत चुनखडी असते, सौम्य ॲसिड टाकलं की फसफसते, इकडे पावसाने चुना केव्हाच धुऊन नेलाय. आणि दरडीत जे लालभडक पट्टे दिसतात ते आजच्या मातीचे थर समजू नका, ते लाव्हाच्या दोन थरांमधला जुना गेरू आहे, पाणी त्याच्यातून सहज जात नाही म्हणून बरेच झरे तिथूनच फुटतात. तुमच्या वरच्या तुकड्याजवळ असा पट्टा असेल तर खाली खाचरात पाणी का असतं त्याचं उत्तर तिथे मिळेल.

आंदरमावळकर
सगळ्यांचे मनापासून आभार. गेल्या रविवारी भावाला घेऊन तीन खड्डे घेतले, प्रत्येकी कमरेइतके खोल. वरच्यात ३० सेंटिमीटरला मुरूम. मधल्यात ७५ सेंटिमीटरपर्यंत एकसारखी तपकिरी माती, कोरडी ढेकळं हाताने फुटतात, ओली केली की बोटावर वळी वळते पण लांब टिकत नाही, ठिपके नाहीत, त्याखाली मऊ मुरूम. खाचरात २० सेंटिमीटरला घट्ट थर, ५० पर्यंत निळसर, त्यावर तांबडे ठिपके आणि ६५ नंतर परत तपकिरी. काकांनी सांगितलेलं तसंच निघालं! आणि भूमीपुत्रजी, वरच्या बांधाला खरंच गेरूचा पट्टा आहे, आजी त्याने अंगणात सारवायची, मला ते आज पहिल्यांदा कळलं. नमुने वेगळे वेगळे पॅक केलेत. मधल्यात आंबा लावू ना?

खाचरवाला
लावा की. मधल्यातच लावा, पण उतारावर चर काढून, पाणी खोडाशी साचू देऊ नका, खड्ड्याची खालची माती आणि वरची माती वेगळी ठेवा आणि भरताना वरची मुळाशी घाला, शेणखत मिसळून. वरकसात काजू चालेल की नाही हे नवीन रिपोर्ट आल्यावर इथेच टाका, मी बघीन. खाचर खाचरच राहू द्या, इंद्रायणीला त्यापेक्षा चांगलं घर नाही.

मृदाताई
मधल्या तुकड्याचं वर्णन वाचून मी इन्सेप्टिसॉल म्हणेन, पण खड्डा भरायच्या आधी थरांचा फोटो पट्टीसकट काढून टाका, ओल्या मातीचा आणि कोरड्या मातीचा वेगळा, रंगावरून पुढचं नाव पक्कं करते.