चढाईत एकच सिलिंडर तापतो, तेव्हा काय तपासावे?

प्रश्न (जुहूचा वैमानिक):
जुहू विमानतळावर ठेवलेल्या आमच्या सेसना १७२ विमानाला हवेने थंड होणारे, १६० अश्वशक्तीचे लायकॉमिंग इंजिन आहे. गेल्या देखभालीनंतर चढाईत तिसऱ्या सिलिंडरचे सीएचटी (सिलिंडरच्या डोक्याचे तापमान) ४४० अंश फॅरेनहाइटच्या वर जाते. उरलेले तीन सिलिंडर ३८० च्या आसपास राहतात. ऑइलचे तापमान व दाब ठीक असतात आणि विमान समतल केल्यावर आकडा हळूहळू उतरतो. सिलिंडरच बदलावा, असा सल्ला आम्हाला मिळाला आहे. एवढ्या मोठ्या खर्चापूर्वी काय पडताळून पाहावे?

उत्तर (निवृत्त विमान देखभाल अभियंता, सांताक्रूझ):
सिलिंडरला हात लावण्याआधी आकडा खरा आहे का, हे पाहावे. तिसऱ्या व पहिल्या सिलिंडरच्या प्रोबची (तापमान मोजणाऱ्या संवेदकांची) अदलाबदल करा. वाढीव आकडा प्रोबबरोबर सरकला तर दोष प्रोबचा, आणि तिसऱ्याच सिलिंडरवर राहिला तरी जोडण्या पाहाव्यात, कारण समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत त्या गंजतात.

आकडा खरा ठरला, तर माझा पहिला संशय बॅफलच्या, म्हणजे हवेला सिलिंडरकडे वळवणाऱ्या पत्र्यांच्या, रबरी सीलवर आहे. या इंजिनात वरच्या भागात शिरलेली हवा दाबाखाली सिलिंडरवरच्या पातळ पात्यांमधून (फिन्समधून) खाली उतरली तरच सिलिंडर थंड होतो. सील आणि काउलिंग (इंजिनावरचे आवरण) यांच्यात फट राहिली, तर हवा ती सोपी वाट धरते. सीलची कड दाब असलेल्या बाजूला वळलेली हवी, म्हणजे हवाच तिला काउलिंगवर दाबून धरते. काउलिंग परत बसवताना ती मागे दुमडली जाणे हा फार नेहमीचा प्रकार आहे. अंधाऱ्या हँगरमध्ये काउलिंगच्या आत दिवा ठेवून कडेने प्रकाश कुठे दिसतो ते पाहा. काउलिंगच्या आतल्या बाजूला सीलच्या घर्षणाची रेषा जिथे तुटलेली असेल, तिथे सील टेकत नाही.

इनटेक गॅस्केटमधून (मिश्रण सिलिंडरकडे नेणाऱ्या नळीच्या सांध्यातील पट्टीतून) हवा गळत असेल, तर त्याचा परिणाम कमी थ्रॉटलवर अधिक आणि पूर्ण थ्रॉटलवर जवळजवळ नाहीसा होतो. तुमची तक्रार नेमकी पूर्ण शक्तीच्या चढाईतली असल्याने मला ती शक्यता कमी वाटते. मॅग्नेटोचे (ठिणगीसाठी वीज देणाऱ्या यंत्राचे) टायमिंग पुढे सरकले असते, तर चारही सिलिंडर तापले असते.

उत्तर (उड्डाण प्रशिक्षक):
यंत्राची तपासणी होईपर्यंत वैमानिकाच्या हातातही काही गोष्टी आहेत. ३४ अंश सेल्सिअसला मुंबईसारख्या समुद्रसपाटीच्या ठिकाणीही घनता-उंची (हवेच्या विरळपणानुसार विमानाला जाणवणारी उंची) २,२०० फुटांच्या आसपास जाते, त्यामुळे चढाई मंदावते आणि इंजिन पूर्ण शक्तीवर अधिक वेळ राहते. अडथळे ओलांडल्यावर नाक थोडे खाली करून वेग ८० ते ८५ नॉट्स ठेवा आणि इंधन-हवेचे मिश्रण पूर्ण समृद्ध (इंधन जास्त असलेले) राहू द्या. सीएचटी झपाट्याने चढत असताना ईजीटी (बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान) उतरत असेल, तर तो डेटोनेशनचा (सिलिंडरमध्ये मिश्रण स्फोटासारखे पेटण्याचा) इशारा समजून लगेच शक्ती कमी करा आणि जवळच्या धावपट्टीवर उतरा.

प्रश्नकर्ता:
दिव्याची तपासणी केली. उजव्या बाजूच्या मागच्या सीलचा बराच भाग मागे दुमडलेला होता. तो सरळ करून बसवल्यावर चढाईतले तापमान ४०० च्या खाली आले आहे.

उत्तर (निवृत्त विमान देखभाल अभियंता):
ऐकून बरे वाटले. कमाल मर्यादा ५०० अंशांची असली, तरी दीर्घायुष्यासाठी ४३५ च्या आत राहावे. तुमचा सिलिंडर त्यावर गेला होता, म्हणून पुढच्या तपासणीत तिसऱ्या सिलिंडरची कॉम्प्रेशन चाचणी आणि बोअरस्कोपने (आत डोकावणाऱ्या बारीक कॅमेऱ्याने) झडपांची पाहणी अवश्य करून घ्या. सीलचे काम परवानाधारक अभियंत्याकडून तपासून त्याची नोंद लॉगबुकात असायला हवी.