शब्दचर्चा : अतिदक्षता विभागातला ‘संसर्ग’ आणि रुग्णाचे स्वतःचे जिवाणू

प्रश्न : अतिदक्षता विभागातल्या रुग्णाविषयी डॉक्टर ‘मायक्रोबायोम बिघडला आहे’ असे म्हणतात. छापील मजकुरात त्यासाठी कुठे ‘सूक्ष्मजीवसृष्टी’, कुठे ‘जिवाणूसमूह’, तर कुठे ‘चांगले जंतू’ असे वाचायला मिळते. यांतला योग्य शब्द कोणता? आणि शरीरात मुळातच असलेल्या जिवाणूंमुळे आजार झाला, तर त्याला ‘संसर्ग’ म्हणता येईल का?

उत्तर : दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, म्हणून तो आधी घेऊ. संसर्ग म्हणजे मुळात संपर्क, सहवास. त्यामुळे ‘संसर्ग झाला’ म्हटले की तो कोणाकडून तरी लागला, असे आपण गृहीत धरतो. ‘लागण’ हा शब्द तर ते उघडच सांगतो. गोवर किंवा क्षयाच्या बाबतीत ते बरोबर आहे. अत्यवस्थ रुग्णाच्या फुप्फुसात, मूत्रमार्गात किंवा रक्तात सापडणारे जिवाणू मात्र पुष्कळदा त्याच्याच आतड्यात, तोंडात किंवा त्वचेवर राहणारे असतात. काही जिवाणू रुग्ण रुग्णालयात आल्यावर प्रथम त्याच्या आतड्यात वस्ती करतात आणि मग तिथून पुढे सरकतात. तेव्हा ‘संसर्ग’ हा शब्द चालेल, पण ‘लागण’ चालणार नाही.

आता नावांविषयी. शरीरावर आणि शरीरात राहणाऱ्या जिवाणू, विषाणू, बुरशी यांच्या समुदायाला ‘सूक्ष्मजीवसमूह’ म्हणावे, केवळ जिवाणूंविषयी बोलायचे असेल तेव्हा ‘जिवाणूसमूह’ म्हणावे, आणि त्या समुदायाची जनुके व त्याचे भोवताल हेही अभिप्रेत असेल तेव्हा ‘मायक्रोबायोम’ हाच रुळलेला शब्द ठेवावा. या समूहाची व्याप्ती सांगताना ‘शरीरातील पेशींच्या दहापट जिवाणू’ हे जुने वाक्य अजूनही छापले जाते, ते आता थांबायला हवे. रॉन सेंडर, शाई फुक्स आणि रॉन मिलो यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार सुमारे 70 किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात साधारण 38 लाख कोटी जिवाणू आणि 30 लाख कोटी मानवी पेशी असतात. यांतले बहुतेक जिवाणू मोठ्या आतड्यात असतात.

‘चांगले जंतू’ हा प्रयोग मला मान्य नाही. एक तर ‘जंतू’ आणि पोटातले ‘जंत’ यांची गल्लत आपल्याकडे घरोघरी होते. त्याहून गंभीर आक्षेप असा की चांगले-वाईट ही जिवाणूची कायमची जात नसते. ई. कोलाय किंवा एन्टरोकॉकस निरोगी माणसाच्या आतड्यात वर्षानुवर्षे निमूटपणे नांदतात, आणि तेच रक्तात पोहोचले की जीवघेणे ठरू शकतात.

अतिदक्षता विभागात हे का घडते, तेही पाहिले पाहिजे. निरोगी मोठ्या आतड्यात ऑक्सिजन सहन न होणाऱ्या जिवाणूंचे प्राबल्य असते. ते अन्नातल्या तंतूंपासून ब्यूटिरेटसारखी आम्ले तयार करतात आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. शिवाय जागा आणि अन्न आधीच व्यापून हे जिवाणू नवख्यांना शिरकाव करू देत नाहीत. प्रकृती चिंताजनक झाली की ही घडी काही दिवसांतच विस्कटू शकते. व्यापक पल्ल्याची प्रतिजैविके या जुन्या रहिवाशांनाही मारतात, आम्लविरोधी औषधांमुळे जठरातला अडसर कमी होतो, अफूजन्य वेदनाशामकांमुळे आतड्याची हालचाल मंदावते, रक्तदाब कोसळल्याने आतड्याचा रक्तपुरवठा घटतो, आणि तोंडाने खाणे बंद असल्यामुळे जिवाणूंना मिळणारे तंतूही थांबतात. पीक उपटलेल्या शेतात तण माजावे तसे क्लेब्सिएला, एन्टरोकॉकस यांसारखे जिवाणू मग फोफावतात. काही रुग्णांत तर एकाच प्रजातीचे राज्य होते. त्यातच अस्तर कमकुवत झालेले असल्यामुळे जिवाणू किंवा त्यांचे घटक आतड्याबाहेर पडू शकतात. याला ‘स्थलांतर’ म्हणावे. ‘प्रसार’ म्हटल्यास पुन्हा एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा अर्थ डोकावतो.

पुरवणी प्रश्न : व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या ‘कल्चरमध्ये’ (नमुन्यातले जिवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) ‘क्लेब्सिएला आला’, म्हणजे त्याला न्यूमोनिया झाला, असे समजावे का?

उत्तर : नाही. श्वासनलिकेतल्या नळीतून ओढून काढलेल्या स्रावात जिवाणूंची वाढ दिसली, एवढेच तो अहवाल सांगतो. नळी आत असताना तिथे जिवाणूंनी ठाण मांडणे ही नेहमीची गोष्ट आहे. ताप, पांढऱ्या पेशींची संख्या, एक्स-रेमधली नवी सावली, स्रावाचे स्वरूप, वाढलेली ऑक्सिजनची गरज हे सारे मिळून डॉक्टर निर्णय करतात. म्हणून नुसत्या उपस्थितीला ‘वास्तव्य’ आणि ऊतींना इजा होऊ लागली की ‘संसर्ग’, असा भेद मराठीत कसोशीने पाळावा. तो न पाळल्यास अहवालातल्या प्रत्येक नावासाठी एक प्रतिजैविक हवे असे नातेवाइकांना वाटते, आणि अनावश्यक प्रतिजैविकाने वर सांगितलेली मोडतोड आणखी वाढते.

‘सेप्सिस’साठी ‘रक्तात विष पसरणे’ हा प्रयोगही टाळावा. 2016 च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार संसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे अवयवांचे कार्य जीवघेण्या प्रमाणात बिघडणे म्हणजे सेप्सिस. रक्ताच्या कल्चरमध्ये काहीही न वाढता सेप्सिस असू शकतो.

पुरवणी प्रश्न : मग प्रोबायोटिकला, म्हणजे फायद्यासाठी मुद्दाम दिल्या जाणाऱ्या जिवंत जिवाणूंना, ‘उपकारक जिवाणू’ म्हणावे का? राइल्स ट्यूबमधून (नाकावाटे जठरात घातलेल्या नळीतून) ताक द्यावे का, असे नातेवाईक नेहमी विचारतात.

उत्तर : विचारणाऱ्यांच्या मनातली काळजी खरी आहे, पण ‘उपकारक’ हे विशेषण अत्यवस्थ रुग्णाच्या संदर्भात वापरू नये. नेदरलँड्समध्ये तीव्र स्वादुपिंडदाहाच्या रुग्णांवर झालेल्या आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रोबायोटिक दिलेल्या गटात 16 टक्के रुग्ण दगावले, तर न दिलेल्या गटात 6 टक्के. प्रोबायोटिक गटातल्या काहींच्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याचे आढळले. व्हेंटिलेटरवरच्या 2,650 रुग्णांच्या, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लॅक्टोबॅसिलसमुळे न्यूमोनियाचे प्रमाण घटले नाही. याउलट ओडिशातल्या 4,500 हून अधिक नवजात बाळांच्या अभ्यासात, जो 2017 मध्ये प्रसिद्ध झाला, लॅक्टोबॅसिलस प्लँटारम आणि त्याचे खाद्य दिल्यावर सेप्सिस व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आले. पण ती बाळे जन्मतः निरोगी होती आणि त्यांच्या आतड्यात जिवाणूंची पहिली वस्ती नुकतीच होत होती. असे दोन्ही प्रकारचे निष्कर्ष एकाच मथळ्याखाली ‘चांगल्या जंतूंची किमया’ म्हणून छापणे वाचकांवर अन्याय करणारे आहे. ट्यूबमधून काय द्यायचे ते आहारतज्ज्ञ आणि डॉक्टरांनीच ठरवावे. घरचे ताक कोणी परस्पर देऊ नये.

नातेवाइकांसाठीच्या माहितीपत्रकात मी असे वाक्य सुचवेन : “रुग्णाच्या आतड्यात नेहमी राहणाऱ्या जिवाणूंचा समतोल आजारामुळे आणि उपचारांमुळे बिघडला आहे, त्यांपैकी काहींचा रक्तात संसर्ग झाला असून त्यावर प्रतिजैविक सुरू आहे. हा संसर्ग भेटायला आलेल्या कोणाकडून लागलेला असेलच असे नाही.”