मुलीला बीए करायचंय, घरात वाद चाललाय

वसईची_आई:
नमस्कार. आम्ही वसईचे, कॅथलिक. मुलगी सायन्समधून बारावी झाली, मार्क चांगले आहेत आणि आता म्हणते बीएच करणार, मराठी साहित्य नाहीतर फिलॉसॉफी. तिचे पप्पा म्हणतात नर्सिंग कर, परदेशात नोकरी लागेल, सेवापण होईल. जाऊबाईंना तर वाटतं फिलॉसॉफी वाचून श्रद्धा जाते. नाताळच्या मिस्साला फादरांनी बायबलमधलं "शब्द देही झाला" वाचलं, घरी आल्यावर मटणाला लसूण सोलता सोलता ही विचारते, मम्मी, शब्दच का, दुसरं काही का नाही? मला काहीच सांगता आलं नाही, ते अजून डोक्यातून जात नाहीये. अशा शिक्षणाचा श्रद्धेला उपयोग असतो का?

अलिबागचा_मास्तर:
ताई, तिने विचारलं ते फार मोलाचं आहे. ते वाक्य योहानच्या शुभवर्तमानातलं, तिथे शब्द म्हणजे येशू. योहानने मूळ ग्रीकमध्ये लोगोस लिहिलंय, म्हणजे बोल, पण विचार, तर्क, जगातली संगतीसुद्धा. ग्रीक तत्त्वज्ञ त्याच्या ५००-६०० वर्षं आधीपासून हा शब्द वापरत होते, आणि ज्यूंना तो ऐकून देव बोलला नि सृष्टी झाली हे आठवणार, दोघांना कळेल असा शब्द त्याने घेतला. हे कळायला भाषा लागते आणि फिलॉसॉफीपण लागते. येशूचा प्रेषित संत पौल अथेन्समध्ये बोलला तेव्हा त्यांच्याच कवींची ओळ त्याने वापरली, बायबलात प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७ काढून बघा. वाचलं नसतं तर कुठून आणली असती? जाऊबाईंना एवढं सांगा.

रत्नागिरीकर८४:
मास्तरांचं पटतं पण पोटाचं काय? माझा भाऊ बीए करून २ वर्षं घरी बसला होता, आई रोज संध्याकाळी त्याला काही न बोलता चहा द्यायची, ते बघवत नव्हतं. नंतर बीएड केलं, आता शिकवतोय, बरं चाललंय. तोच संत पौल तंबू शिवून पोट भरायचा. शिकू दे तिला, पण पुढचं काय ते आत्ताच ठरवा. आणि नर्सिंग कमी समजू नका कुणी.

उरणची_मावशी:
नर्सिंगला कोण कमी म्हणतंय. पण आर्ट्स म्हणजे कमी मार्कवाल्यांचं हे खूळ आपलंच आहे. जुन्या ख्रिस्ती विद्यापीठांत सात विद्या शिकवायचे, व्याकरण, तर्क, वक्तृत्व आणि त्यांच्याच जोडीला अंकगणित, भूमिती, संगीत, खगोल. फादर स्टीफन्स इंग्लंडचे, १५७९ ला गोव्यात आले, आपली भाषा शिकले, ओवी शिकले आणि १६१६ ला ख्रिस्तपुराण छापलं, जवळजवळ ११ हजार ओव्या! परक्या माणसाने आपल्या ओवीत येशू सांगितला आणि आपल्या मुलीने मराठी शिकायचं म्हटलं की घरात वाद.

वसईची_आई:
थँक्यू सगळ्यांना. ह्यांना सगळं वाचून दाखवलं, तंबूवालं त्यांना पटलं, म्हणतात फिलॉसॉफीसोबत इकॉनॉमिक्सपण घे आणि बीएडचं बघून ठेव. मंगळवारी कॉलेजात चौकशीला जातोय. लोगोसचं तिला सांगितलं तर आता ग्रीक शिकायचंय म्हणते, मुंबईत कुठे शिकवतात का, कुणाला माहीत असेल तर सांगा.